हिंजवडीतून न्यूयॉर्कची वेळ पाळणारी फायरवॉल

आपलं घड्याळ बारा महिने यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्कचं मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. तिथले सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. तिथल्या क्लायंटला ऑफिसच्या वेळेपुरतंच एसएसएच (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची सोय) उघडायचा नियम फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कची ये-जा सोडणाऱ्या-अडवणाऱ्या पहारेकऱ्यात, उन्हाळ्यात लिहिला असेल, तर नोव्हेंबरात तो तिथल्या सहाऐवजी पाचलाच दार लावतो. मग हिंजवडीत रात्री साडेतीनला फोन वाजतो.

आधी नियम कुठल्या घड्याळावर चालतोय ते बघा. लिनक्सच्या फायरवॉलचे नियम लिहायचं जुनं साधन म्हणजे आयपीटेबल्स. त्याचं टाइम मॉड्यूल एरवी यूटीसीच धरतं, वारसुद्धा. पुण्यात सोमवारी पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी रविवारच असतो! त्यातला कर्नेल (लिनक्सचा गाभा) टाइमझोनचा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्याच्या वाटेला जाऊ नका. घड्याळ बदललं तरी कर्नेलमधला फरक बहुधा जुनाच राहतो. एनएफटेबल्स या नव्या साधनामध्ये स्थानिक वेळ लिहिता येते खरी, पण नियम लोड होतानाच तिचं यूटीसी होतं. पुन्हा लोड करेपर्यंत तासाची चूक तशीच.

म्हणून माझ्या मते नियमात वेळ लिहूच नये. एनएफटेबल्समध्ये टाइमआउट चालणारा एक सेट करा, म्हणजे आयपी पत्त्यांची अशी यादी, जिच्यातली नोंद ठरलेल्या वेळेनंतर गळते, आणि पोर्ट 22 (एसएसएचचं दार) फक्त त्या सेटमधल्या आयपींना उघडा. रोज न्यूयॉर्कच्या नऊला क्लायंटचे आयपी नऊ तासांच्या टाइमआउटने सेटमध्ये टाकले की संध्याकाळी सहाला ते आपोआप गळतात. बंद करायला वेगळा जॉब लागत नाही. स्वतःसाठी व्हीपीएनचा (आपल्या खासगी सुरक्षित वाटेचा) कायमचा नियम मात्र वेगळा ठेवा, नाहीतर आपणच बाहेर.

नऊ वाजवायचं काम सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) टायमरला द्या. त्याच्या ऑनकॅलेंडर ओळीत सोमवार ते शुक्रवार, 09:00 आणि शेवटी न्यूयॉर्कचा टाइमझोन लिहा. उन्हाळा-हिवाळा तो टीझेडडेटा या टाइमझोनच्या माहितीच्या पॅकेजमधून बघून घेतो, म्हणून ते अपडेट ठेवा. सिस्टमडी-अ‍ॅनालाइझच्या कॅलेंडर कमांडने पुढची वेळ यूटीसीतही तपासता येते. टायमरचा पर्सिस्टंट हा पर्याय चालू करू नका. सर्व्हर तिथल्या दुपारी उठला, तर चुकलेला जॉब तेव्हा धावेल आणि दार रात्रीपर्यंत उघडं राहील. रीबूटनंतर सेट रिकामा दिसला, तर उरलेल्या तासांपुरता हाताने भरा.

आणखी एक. सुरू असलेली कनेक्शन्स सोडणारा नियम सहसा सगळ्यात वर असतो, त्यामुळे सहाच्या आधी लॉगिन झालेला माणूस नंतरही आतच राहतो. त्यालाही बाहेर काढायचं असेल, तर सहा वाजून गेल्यावर सुरू कनेक्शन्सची नोंद ठेवणाऱ्या कॉन्ट्रॅकच्या कमांडने पोर्ट 22 च्या नोंदी पुसा.