मधुमेहात माशाच्या तेलाची कॅप्सूल घ्यायची की नाही, हे कसं ठरवाल?

गेल्या उन्हाळ्यात मामांकडे सोलापुरात अशोक चौकात गेलो होतो. गोळ्यांच्या डब्यात मेटफॉर्मिनची, म्हणजे साखरेच्या गोळीची पट्टी न फोडता तशीच पडलेली आणि शेजारी माशाच्या तेलाच्या सोनेरी कॅप्सूलची मोठी बाटली. विचारलं तर म्हणाले, "साखर उतरते म्हणं की रे ह्यानं." तीस वर्षं यंत्रमागावर उभा राहिलेला माणूस, बारा वर्षांचा मधुमेह, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून महिनाभर गोळी बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी घरच्या मशीनवर साखर पाहिली. २४८ निघाली.

त्या दिवसानंतर या विषयावर बरंच वाचलं, मामांच्या डॉक्टरांना भरपूर प्रश्न विचारले. घरात कुणाला मधुमेह असेल आणि अशी बाटली आणायचा विचार चालू असेल, तर पुढच्या क्रमाने जा.

१. हे साखरेचं औषध नाही, हे आधी डोक्यात बसवा

१९७० च्या दशकात डेन्मार्कच्या संशोधकांनी ग्रीनलंडच्या इनुइट लोकांच्या रक्तातली चरबी तपासली. ही माणसं मासे आणि सील खाऊन जगणारी. तिथून माशाच्या तेलाचं नाव झालं, पण ते हृदय आणि रक्तातल्या चरबीसाठी. साखर त्यात मागाहून, लोकांच्या बोलण्यातून आली.

साखरेवर प्रयोग झाले नाहीत असंही नाही. १९८० च्या दशकातल्या काही छोट्या अभ्यासांत मोठा डोस घेणाऱ्या मधुमेहींची साखर उलट वाढलेली दिसली आणि डॉक्टर मंडळी धास्तावली. २००८ साली कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात टाइप २ मधुमेहाच्या २३ चाचण्या एकत्र तपासल्या. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) उतरले होते, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) किंचित चढलं होतं, आणि साखर होती तिथेच होती. २०१९ मध्ये ८३ चाचण्यांचा, सव्वा लाखाच्या आसपास माणसांचा आढावा आला. त्यातही साखरेला फायदा दिसला नाही आणि मधुमेह टळतो असंही दिसलं नाही. हृदयाचं म्हणाल तर २०१८ च्या असेंड चाचणीत १५,४८० मधुमेहींपैकी निम्म्यांना रोज १ ग्रॅम ओमेगा-३ ची (माशाच्या तेलातली कामाची चरबी) कॅप्सूल आणि बाकीच्यांना ऑलिव्ह तेलाची कॅप्सूल दिली होती. सरासरी सात वर्षांनंतरही हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात दोन्हीकडे जवळपास सारखेच निघाले.

म्हणून कॅप्सूल घ्या किंवा नका घेऊ, साखरेच्या गोळीला किंवा इन्सुलिनला स्वतःच्या मनाने हात लावायचा नाही. या लेखातलं एवढं एक पाळलंत तरी मला पुरे आहे.

२. लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) काढा आणि एकच ओळ बघा

ती ओळ ट्रायग्लिसराइडची. रात्री लवकर जेवून, दहा-बारा तास पोट रिकामं ठेवून रक्त द्या. आदल्या दिवशी लग्नाची पंगत किंवा मटणाचं जेवण झालं असेल तर दोन-चार दिवस थांबा, नाहीतर आकडा फसवतो.

१५० च्या आत असेल तर बाटलीवर पैसे घालवायचं कारण मला तरी दिसत नाही. १५० ते ४९९ असेल तर आधी साखरच आटोक्यात आणा. साखर चढलेली असली की ट्रायग्लिसराइडही चढतात, आणि ती उतरली, गोड चहा आणि दारू सुटली की पुष्कळदा आपोआप खाली येतात. ५०० च्या वर असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, कारण तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. अशा वेळी डॉक्टर ओमेगा-३ देऊ शकतात, पण तो डोस रोज ४ ग्रॅमच्या आसपास असतो आणि देखरेखीखाली घ्यायचा असतो.

३. बाटली उलटी करून मागचं वाचा

पुढे मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं. ते सगळ्या तेलाचं वजन. कामाचे घटक दोनच, ईपीए आणि डीएचए, आणि ते मागे बारीक अक्षरात असतात. मामांच्या बाटलीवर ईपीए १८० आणि डीएचए १२० होतं, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये ३०० मिलिग्रॅम. ४ ग्रॅम गाठायला रोज तेरा-चौदा कॅप्सूल लागतील, आणि त्यासोबत सव्वाशेच्या आसपास कॅलरी तेलाच्या. हा हिशोब मी कागदावर मांडून दाखवला तेव्हा मामांनी चष्मा काढून ठेवला.

आकडे एका कॅप्सूलचे आहेत की दोनांचे, तेही बघा. कॉड लिव्हर ऑइल ही वेगळी चीज आहे. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं आणि जास्त घेतलं तर अ जीवनसत्त्व बाधतं.

आपल्या सोलापुरात आणखी एक अडचण आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि हे तेल उष्णतेने लवकर खवट होतं. पत्र्याखाली तापलेल्या दुकानातली बाटली नको. एक कॅप्सूल सुईने टोचून वास घ्या. समुद्राचा हलका वास चालेल, पण रंगाच्या डब्यासारखा उग्र वास आला तर फेकून द्या.

४. काहींनी विचारल्याशिवाय घेऊच नये

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले, हृदयाचे ठोके अनियमित असलेले (मोठ्या डोसने हा त्रास वाढू शकतो), ऑपरेशन ठरलेलं असलेले, माशांची ॲलर्जी असलेले आणि गरोदर बायका.

५. खाणारे असाल तर मासा ताटात आणा

कॅप्सूलपेक्षा हे मला कधीही पटतं. आठवड्यातून दोनदा, शिजवलेला साधारण शंभर ग्रॅम मासा. उजनीचा रोहू, कटला, चिलापी आपल्याकडे सहज मिळतो. त्यात प्रथिनं चांगली, पण ओमेगा-३ कमी. ते भरपूर असतं बंगडा आणि तारलीत, आणि ही मासळी कोकणातून बर्फात येते. घेताना कल्ला उचलून बघा, आत लालभडक हवं. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा. पोटावर बोट दाबलं आणि खड्डा तसाच राहिला तर पुढच्या टोपलीकडे चला.

रवा लावून तेलात तळलात तर फायद्यावर पाणी पडतं. त्यापेक्षा आलं-लसूण, थोडी चिंच आणि काळं तिखट घालून पातळ कालवण करा. मासा शेवटी सोडा, सात-आठ मिनिटांत शिजतो. सोबत भाताचा डोंगर नको, ज्वारीची एक भाकरी घ्या. तीही मोजूनच, कारण ज्वारीनेही साखर वाढतेच.

शाकाहारी घरात जवसाची चटणी करा. जवस भाजून कुटूनच घ्या, अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. त्यातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं असतं, शरीर त्यातून ईपीए फार थोडं बनवतं, पण चोथा मिळतो आणि त्याचा साखरेला उपयोग होतो. आपल्या शेंगाचटणीवर माझाही जीव आहे, पण शेंगदाण्यात ओमेगा-३ जवळजवळ नसतंच.

६. घेतलीतच तर मोजा

डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिली असेल तर सुरू करायच्या आधीची उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) आणि ट्रायग्लिसराइड एका वहीत तारखेसह लिहा. पहिले काही आठवडे घरच्या मशीनवर साखर जरा जास्त वेळा बघा. एचबीए१सी तीन महिन्यांनी करा, आधी करून उपयोग नाही, कारण तो तेवढ्याच काळाची सरासरी दाखवतो. ट्रायग्लिसराइड उतरले नसतील तर वही डॉक्टरांसमोर ठेवा आणि कॅप्सूल बंद करायची का ते विचारा.

मामांचे ट्रायग्लिसराइड १६४ निघाले. डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केली आणि जुनीच गोळी पुन्हा चालू केली. तीन महिन्यांनी एचबीए१सी ९.६ वरून ७.८ वर आलं. आता बुधवारी आणि रविवारी मामी बंगडा आणते आणि कल्ला बघायचं काम मामांकडे असतं.