माहिती हवीय, पण मागायची कोणत्या सरकारकडे?

फेडरल देशात सरकार एकच नसतं ना, केंद्राचं वेगळं, राज्याचं वेगळं, खाली महापालिका वगैरे, त्यामुळे निम्मा वेळ कागद नेमका कुणाकडे आहे हे शोधण्यातच जातो. म्हणून आधी पैशाचा माग काढा. समजा एक पूल आहे, निधी केंद्राचा, टेंडर राज्याचं, देखरेख स्थानिक संस्थेची, मग मंजुरीचा आदेश वर, बिलं मधे आणि तपासणीचे रिपोर्ट खाली सापडायची शक्यता जास्त. तिन्हीकडे वेगवेगळे अर्ज टाका आणि आकडे शेजारी ठेवून बघा, खरी गंमत तिथेच कळते.

मग कायदा बघा. अमेरिकेचा १९६६ चा माहितीचा कायदा फक्त फेडरल खात्यांना लागतो, काँग्रेस (तिथली संसद) आणि कोर्टं त्यात येत नाहीत, राज्यांचे कायदे आपापले. कॅनडातही प्रांतांचे वेगळेच. भारतात मात्र २००५ चा एकच माहिती अधिकार कायदा मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत चालतो आणि अर्ज चुकीच्या ऑफिसात गेला तर त्यांनीच तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो (पाठवतात का, ते सोडा).

अर्जात "सगळी माहिती द्या" असं मोघम अजिबात लिहू नका, सरळ फेटाळायला निमित्त मिळतं. टेंडर नंबर, तारखेची रेंज, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं नोंदवतात ती वही) प्रत, असं नेमकं मागा. मुदत भारतात साधारण ३० दिवस, अमेरिकेत फेडरल खात्यांना कामकाजाचे २०. उत्तर नाही आलं तर अपील त्याच लेव्हलला करायचं, राज्याच्या खात्याची तक्रार केंद्राच्या माहिती आयोगाकडे नेऊन काही होत नाही.