विंडोजला धक्का न लावता लिनक्स: जुन्या डेस्कटॉपमध्ये दुसरी डिस्क बसवण्याआधीची तयारी

विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. चौथ्या किंवा सहाव्या पिढीचं मशीन त्यात बसत नाही, पण ते धडधाकट असतं आणि भंगारात काढायचं काहीच कारण नसतं. दुसरीकडे टॅलीचा डेटा, श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फाइली, डिजिटल सहीच्या टोकनवर चालणारी कामं यासाठी विंडोज हाताशी असावंच लागतं. अशा वेळी एकाच डिस्कची वाटणी करण्यापेक्षा वेगळी एसएसडी (वेगवान डिस्क) लावून तिच्यावर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं केव्हाही बरं. मात्र दोन्ही डिस्क एकमेकींच्या आधाराशिवाय सुरू व्हायला हव्यात. पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

खरेदीला जाण्याआधी आहे ते मशीन नीट पाहून घ्या. स्टार्ट मेनूत ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा आणि त्यातली ‘बायोस मोड’ची ओळ कागदावर उतरवा: लेगसी (जुनी पद्धत) की यूईएफआय (नवी). बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा मशीनचा मूळ प्रोग्रॅम. लिनक्स टाकायचा पेनड्राइव्ह याच मोडमध्ये सुरू करायचा आहे. विंडोज लेगसीत आणि लिनक्स यूईएफआयमध्ये अशी गल्लत झाली तर लिनक्सच्या ग्रब मेनूतून (सुरू होताना कोणती सिस्टिम हवी ते विचारणाऱ्या यादीतून) विंडोज सुरू होत नाही, दर वेळी बायोसच्या बूट मेनूत जावं लागतं. त्याच खिडकीत प्रोसेसर ६४ बिटचा आहे ना, रॅम किती आहे हेही पाहा. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते, पण ब्राउझर उघडून खरं काम करायचं तर ४ जीबी हवी आणि तेवढीच असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. ड्राइव्ह बिटलॉकरने (विंडोजच्या एन्क्रिप्शनने) कुलूपबंद असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की लिहून घेतल्याशिवाय बायोसला हात लावू नका. बायोसमधला छोटा बदलही ती की मागायला पुरेसा होतो. बदल करण्याआधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करणं, म्हणजे तात्पुरतं थांबवणं, उत्तम.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, नव्या एसएसडीवर नाही, कारण ती पुसली जाणार आहे. त्याच बैठकीत क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम चालवून जुन्या हार्ड डिस्कची तब्येत पाहा. ‘पेंडिंग सेक्टर’ (डिस्कचे नीट वाचता न येणारे भाग) शून्यापेक्षा जास्त दिसले तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी डेटा हलवा.

आता सामान. अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याची नेहमीची पद्धत) एसएसडी २४० किंवा २५६ जीबीची पुरते. मिंट किमान २० जीबी मागतं, १०० जीबीत ऐसपैस राहतं. त्याबरोबर एक साटा डेटा केबल, अडीच ते साडेतीन इंची ब्रॅकेट आणि चार एम३ स्क्रू लागतात. एसएमपीएसमधून (मशीनच्या पॉवर सप्लायमधून) साटा पॉवरचं रिकामं टोक येतंय का ते कॅबिनेट उघडून स्वतः पाहा. नसेल तर मोलेक्सवरून (चार पिनांच्या जुन्या पॉवर टोकावरून) साटा करणारा कनेक्टर मिळतो, पण ज्याच्या तारा एकसंध प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या असतात तो घेऊ नका. आत तारा सरकून शॉर्ट होतात आणि प्लास्टिक वितळतं. तारा वेगवेगळ्या खाचांत दाबून बसवलेला कनेक्टर घ्या. मदरबोर्डवर ६ जीबीपीएसचे आणि ३ जीबीपीएसचे पोर्ट वेगळ्या रंगाचे असू शकतात, तेव्हा बोर्डावर छापलेली अक्षरं वाचून वेगवान पोर्ट निवडा. ३ जीबीपीएसचाच मिळाला तरी जुन्या हार्ड डिस्कपेक्षा फरक लख्ख जाणवतो. पीसीआय एक्स्प्रेस कार्डावर एनव्हीएमई (आणखी वेगवान प्रकारची एसएसडी) लावायचा मोह मात्र टाळा. बऱ्याच जुन्या बोर्डांच्या बायोसला त्यावरून बूट करताच येत नाही.

लॅपटॉप असेल तर डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) बसते. ती ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडींत मिळते, म्हणून आधी ड्राइव्ह काढून मोजा आणि मगच मागवा. काही लॅपटॉप कॅडीतल्या डिस्कवरून बूट होत नाहीत. तिथे एसएसडी मुख्य जागी आणि जुनी हार्ड डिस्क कॅडीत अशी अदलाबदल करावी लागते.

यादीत सीआर२०३२ चा नाण्यासारखा सेल जरूर घाला. तो मेला असेल तर मशीनची वीज गेली की तारीख मागे जाते, बायोसची सेटिंग पुसली जातात आणि चुकीच्या तारखेमुळे ब्राउझर साध्या वेबसाइटही उघडू देत नाही. मग लोक दोष देतात लिनक्सला.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरे. मिंटची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) अधिकृत साइटवरूनच उतरवा आणि तिचा एसएचए-२५६ आकडा (पडताळणीचा कोड) साइटवरच्या आकड्याशी जुळवून पाहा. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलेशनच्या मध्यावर दगा देते. रुफस या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर लिहिताना लेगसी मशीनसाठी एमबीआर आणि यूईएफआयसाठी जीपीटी निवडा. पेनड्राइव्हवरून लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारं) मिंट सुरू झालं की लगेच इन्स्टॉल दाबू नका. वाय-फाय, आवाज, स्क्रीनचा उजेड आणि मशीन झोपवून (सस्पेंड) परत उठणं हे सगळं तपासा. जुन्या लॅपटॉपमधल्या ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिप बहुतेकदा वेगळा ड्रायव्हर मागतात आणि तो उतरवायला इंटरनेटच नसतं. म्हणून लॅन केबल किंवा यूएसबी टेदरिंग चालणारा फोन जवळ ठेवा.

विंडोजमध्ये दोन कामं उरतात. पहिलं, कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणांच्या सेटिंगखाली असलेला ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. तो चालू असताना शट डाउन म्हणजे खरं तर अर्धी झोप असते. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क अर्धवट उघडी राहते आणि लिनक्समध्ये ती फक्त वाचता येते, तिच्यावर काही लिहिता येत नाही. दुसरं, बायोसमध्ये साटा मोड ‘रेड’ किंवा इंटेल आरएसटी असेल तर तो एएचसीआय करा, नाहीतर इन्स्टॉलरला डिस्क दिसणारच नाही असं होऊ शकतं. पण थेट बदललंत तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकेल. आधी सिस्टिम कॉन्फिगरेशनमधून पुढचा बूट ‘सेफ मोड’चा ठरवा, रीस्टार्ट होताना बायोसमध्ये एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उठू द्या आणि मग सेफ मोडची खूण काढा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इन्स्टॉल सुरू करण्याआधी मशीन बंद करा, प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा आणि विंडोजच्या डिस्कची डेटा केबल काढून ठेवा. केबलच्या टोकावर धातूची छोटी पट्टी असते. ती अंगठ्याने दाबून टोक सरळ मागे ओढायचं, वायरला धरून ओढायचं नाही.

हे का? दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना मिंटचा इन्स्टॉलर, तुम्ही दुसरी डिस्क निवडली तरी, बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) पहिल्या डिस्कच्या ईएफआय विभागात (बूटसाठी राखलेल्या भागात) टाकून मोकळा होतो. त्या दिवशी सगळं छान चालतं. पुढे कधी जुनी हार्ड डिस्क बंद पडते आणि नव्या एसएसडीवरचं लिनक्सही उठत नाही, कारण त्याची किल्ली मेलेल्या डिस्कवर होती. केबल काढलेली असली की हा प्रश्नच राहत नाही. शिवाय ‘इरेज डिस्क’ हा एरवी धडकी भरवणारा पर्याय निर्धास्त दाबता येतो, कारण समोर एकच डिस्क असते. लॅपटॉपमध्येही विंडोजची डिस्क तेवढ्यापुरती बाहेर काढा. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर मशीन यूपीएसवर असू द्या.

लिनक्स एकट्याने व्यवस्थित बूट झालं की मशीन बंद करून केबल परत जोडा. बायोसमध्ये नवी डिस्क पहिली करा. जुन्या बोर्डांवर हा क्रम बूट मेनूत नसून ‘हार्ड डिस्क प्रायॉरिटी’ नावाच्या वेगळ्या पानात दडलेला असतो. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये ओएस-प्रोबर (इतर सिस्टिम शोधणारा प्रोग्रॅम) चालू करून ग्रब अपडेट केलं की यादीत विंडोज येतं. नाही आलं तरी बिघडत नाही, सुरू होताना बूट मेनूची कळ दाबून डिस्क निवडता येते. डेल आणि लेनोवोला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, एमएसआयच्या बोर्डांना एफ११.

विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल या कमांडने स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की भांडण मिटतं. विंडोज कधी लिनक्सचा भाग अनोळखी समजून ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारतं. तिथे कॅन्सल. घरातल्या इतरांनाही हे सांगून ठेवा, त्यांच्याकडून एका क्लिकमध्ये सगळं जाऊ शकतं.

मराठीसाठी कीबोर्ड लेआउटच्या यादीत ‘मराठी कगप’ (उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) मिळतो. इन्स्क्रिप्टची सवय असेल तर तोही मिळतो. इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह पुसू नका. ग्रब बिघडलं तर दुरुस्ती त्याच्यावरूनच करायची आहे, तेव्हा त्यावर तारीख आणि बायोस मोड लिहून कॅबिनेटजवळच ठेवा.