ध्यानाला बसून त्रास वाढतोय? या चुका टाळा

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीत सकाळी लवकरच माग सुरू होतात. त्या खटखटाटातच मी लहानाची मोठी झाले. चार वर्षांपूर्वी आई गेली आणि तीन महिन्यांच्या आत मी दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाऊन बसले. पहाटे चारला उठायचं, दिवसाकाठी दहा तास डोळे मिटून बसायचं, कुणाशी बोलायचं नाही. चौथ्या दिवशी झोप उडाली. सहाव्या दिवशी छाती धडधडायला लागली आणि आईची शेवटची घरघर कानाशी ऐकू यायला लागली. शिकवणाऱ्यांना सांगितलं, तर "आतला मळ बाहेर पडतोय, बसत राहा" एवढंच उत्तर आलं. मी बसत राहिले. परत येताना सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्थानकावर, बसमधून उतरले, तेव्हा दांडी धरलेला हात मला माझा वाटेना. पकड जाणवत होती, पण हात दुसऱ्याच कुणाचा तरी.

ध्यान मी सोडलेलं नाही. पण बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आता योगवर्गात, देवळाच्या सभामंडपात, मोबाईल बघून घरोघरी लोक ध्यानाला बसतात, आणि त्रास झाला की "माझंच काहीतरी चुकतंय" म्हणून गप्प राहतात. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

त्रास म्हणजे प्रगती, हा समज

सगळ्यात मोठी चूक हीच. पाय अवघडणं, कंटाळा येणं, मन भटकणं हे रोजचंच. पण सलग दोन-तीन रात्री झोप न लागणं, अकारण धास्ती, अंग आपोआप थरथरणं, आपण किंवा आजूबाजूचं जग खरं न वाटणं, इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येणं, ही पुढे जाण्याची खूण नाही. तिथे थांबायचं. वेळ कमी करून बघू, असंही नाही. त्या दिवसापुरतं ध्यान बंद.

हा त्रास काही मला एकटीलाच झालेला नाही. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी ध्यान करणाऱ्या सुमारे 60 जणांच्या सविस्तर मुलाखती घेऊन 2017 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. भीती, निद्रानाश, अंगाच्या अनैच्छिक हालचाली, स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं, हे सगळं त्यात नोंदलेलं आहे. त्यांतले बरेच जण नवशिके नव्हते, काही तर स्वतः शिकवणारे होते. 2020 मध्ये 83 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा अशा त्रासाचं प्रमाण 8 टक्क्यांच्या आसपास निघालं. चिंता आणि नैराश्य सर्वांत जास्त. मानसोपचार घेणाऱ्यांतही साधारण एवढ्याच जणांना त्रास होतो, असं त्याच संशोधकांनी म्हटलंय. म्हणजे घाबरून जाण्यासारखं नाही, पण "ध्यानाने कधी कुणाचं वाईट होत नाही" हे म्हणणं खरं नाही. आपल्याकडे तर हे फार आधीपासून माहीत आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत चित्ताच्या विक्षेपांबरोबर, म्हणजे मन विचलित होण्याबरोबर, येणाऱ्या गोष्टींत दुःख, दौर्मनस्य म्हणजे मनाची खिन्नता, आणि अंगमेजयत्व म्हणजे अंगाचा कंप, अशी नावंच दिली आहेत. मग साधकाने ते तोंडाने सांगितलं, तर त्याला गप्प का करायचं?

एकदम दहा तास

कधी पाच मैल न चाललेला माणूस थेट पंढरपूरच्या दिंडीला निघत नाही. ध्यानात मात्र आपण तेच करतो, आणि तेही नेमकं दुःखाच्या काळात. घरात मृत्यू, बाळंतपण, मोडलेलं लग्न, नुकतंच सुटलेलं व्यसन, यांतलं काही ताजं असेल तर लांबचं मौन शिबिर पुढे ढकला. रोज दहा मिनिटं, तीही सहा महिने, एवढं आधी जमू द्या. शिबिराला जाण्याआधी एकच प्रश्न विचारा: मध्ये त्रास झाला तर मला घरी फोन करू देणार का, निघू देणार का? उत्तर नीट मिळालं नाही तर जाऊ नका.

डोळे मिटलेच पाहिजेत, श्वासच पाहिला पाहिजे

कुणी सांगितलं? ज्याच्यावर लहानपणी अत्याचार झालाय, ज्याने अपघात डोळ्यांनी पाहिलाय, त्याला डोळे मिटले की तेच चित्र समोर येतं. दम्याचा किंवा धडधडीचा त्रास असलेल्या माणसाला श्वासाकडे लक्ष दिलं की श्वास अडकल्यासारखा वाटतो. अशांनी डोळे उघडे ठेवावेत. नजर तुळशीवर, लक्ष जमिनीला टेकलेल्या तळपायांवर किंवा बाहेरच्या आवाजांवर. मला मागाचा आवाज उपयोगी पडला. ज्यांना शांतताच सोसत नाही, त्यांनी एकट्याने बसण्यापेक्षा भजनात बसावं. तिथे टाळ हातात असतो, शेजारी माणूस असतो, आणि आपला चेहरा उतरलेला कुणाच्या तरी लक्षात येतो. मोबाईलमधल्या ॲपला ते कळत नाही.

ध्यानाआधी जोरजोरात कपालभाती किंवा भस्त्रिका करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. फार वेगाने श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. ओठ आणि बोटं मुंग्या आल्यासारखी होतात, बोटं आखडतात, गरगरतं. ही कुठली शक्ती जागी झालेली नसते. थांबून सावकाश, साधा श्वास घ्या, काही मिनिटांत उतरतं. छातीत दुखत असेल तर मात्र अंदाज न करता दवाखाना गाठायचा.

पाय बधिर होऊनही तसंच बसणं हाही हट्टच. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबते. उठा, पाय झटका, खुर्चीवर बसा.

गोळ्या बंद करणं

"आता ध्यान करते, गोळी कशाला?" हे मी आमच्याच ओळखीत ऐकलंय. बीपीची असो, थायरॉइडची असो की मनाच्या आजाराची, डॉक्टरांना न विचारता एकही गोळी बंद करायची नाही. स्वतःला किंवा घरात कुणाला बायपोलर किंवा स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर लांबची बैठक आणि रात्रीचं जागरण हे दोन्ही धोक्याचं. आधी विचारा, मग बसा.

आणखी एक, जे बायकांना जास्त सोसावं लागतं. नवरा मारतो, सासरी छळ होतो, आणि सल्ला मिळतो, "ध्यान कर, मन शांत ठेव." मार बंद करायचा सोडून मार खाणारीला शांत करायचं, हे ध्यान नव्हे. तिथे माहेर, पोलीस, वकील ही वाट आहे.

धारवाडची भीती

आमच्या भागात "याला धारवाडला न्या" ही शिवी आहे, तिथल्या जुन्या मनोरुग्णालयामुळे. त्या एका शब्दापायी कितीतरी माणसं महिनोन् महिने घरात कुढत बसतात. मीही पाच आठवडे बसले. त्या दिवसांत ध्यान पूर्ण बंद ठेवलं, वेळेवर जेवले, तांदूळ निवडले, अनवाणी अंगणात चालले, थंड पाण्यात हात बुडवून ठेवले. थोडं सावरलं, झोप मात्र येईना. शेवटी वहिनी म्हणाली, "अक्का, दात दुखला असता तर गेली असतीस की नाही?"

केंद्र सरकारच्या टेली-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या फोन सेवेचा क्रमांक 14416 आहे. चोवीस तास चालतो, फुकट आहे, आणि मराठी ही त्यातल्या भाषांपैकी एक आहे. मराठीत बोलायचंय हे सुरुवातीलाच सांगा. डॉक्टरांकडे जाताना कागदावर लिहून न्या: रोज किती तास बसत होता, झोप कधीपासून गेली, कुठल्या गोळ्या चालू आहेत. आमच्याकडे भाषेची अडचण येते. बाजारापुरतं कन्नड सगळ्यांना येतं, मनातलं सांगायला ते पुरत नाही. शेजारची मुलगी कन्नड शाळेत शिकलेली. "माझा हात मला माझा वाटत नाही" हे वाक्य तिने मला तीनदा म्हणायला लावलं, मग कन्नडमध्ये लिहून दिलं. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, मान डोलावली आणि मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "हे पहिल्यांदा कुठे झालं?" मी म्हटलं, "सीबीटीवर, बसमधून उतरताना."