टफबुकमध्ये ४जी कार्ड बसवताना

जुन्या टफबुकसाठी (पॅनासॉनिकचा दणकट लॅपटॉप) आत बसणारं, मोबाइल इंटरनेट देणारं ४जी कार्ड घेण्याआधी त्याचे बँड, म्हणजे ते पकडू शकतं ते फ्रिक्वेन्सीचे पट्टे, तपासा, बहुतेकांची फसगत तिथेच होते. सिएरा वायरलेसचं एमसी ७४५५ सेकंडहँड बाजारात सहज मिळतं, पण त्यात बँड ४० आणि ८ नाहीत. भारतात जिओ आणि एअरटेल बँड ४० भरपूर वापरतात, त्यामुळे रेंज असूनही वेग रडत राहतो. एमसी ७४३० मध्ये हे दोन्ही बँड आहेत. इथे तेच घ्यावं.

बॅटरी काढून झाकण उघडा. मोकळ्या मिनी पीसीआय एक्सप्रेस स्लॉटपाशी (कार्ड बसवायची खाच) अँटेनाच्या दोन वायरी आहेत का, हे आधी बघा. मोबाइल डेटाशिवाय विकलेल्या मशीनमध्ये त्या अनेकदा नसतातच, आणि नंतर ओढणं फार किचकट असतं. मेन (मुख्य) आणि ऑक्स (सहाय्यक) अँटेना दोन्ही जोडा, एकावर भागवू नका.

कार्ड दिसतं पण रेडिओ बंदच? बायोसमधला (लॅपटॉप सुरू होतानाचं सेटिंग) वायरलेस वॅन, म्हणजे मोबाइल डेटाचा पर्याय, आणि बाहेरचा वायरलेस स्विच, दोन्ही चालू करा. तरीही नाही, तर कार्डाच्या २० नंबरच्या पिनवर कॅप्टॉन टेपची (वीज न वाहू देणारी पातळ टेप) बारीक पट्टी लावा. रेडिओ बंद करणारा सिग्नल तिथूनच येतो. शेवटी एपीएन, म्हणजे इंटरनेट जोडणीसाठी भरायचं नाव: जिओला जिओनेट (jionet).