मनमाडसारख्या रेल्वेच्या गावात गृहकर्जाचा एजंट कसा निवडावा

पगारपत्रके, फॉर्म १६, बँकेचे खातेउतारे आणि सिबिल अहवाल (तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासाची नोंद) तुमच्या हाताशी आहेत, असे मी गृहीत धरतो. हा अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो, तेव्हा तो काढून देण्याचे पैसे कोणालाही देऊ नयेत.

रेल्वेत कायम नोकरीत असाल, तर प्रथम कार्मिक विभागात घरबांधणी अग्रिमाची, म्हणजे रेल्वेकडूनच घरासाठी मिळणाऱ्या कर्जाची, चौकशी करावी. ३४ महिन्यांचे मूळ वेतन, २५ लाख रुपये, घराची किंमत आणि परतफेडीची क्षमता यांपैकी जी रक्कम सर्वांत कमी, तेवढाच तो मिळतो. एजंट लागतो तो त्यापुढच्या रकमेसाठी.

अलीकडे घर घेतलेल्या सहकाऱ्यांकडून दोन-तीन नावे घ्यावीत.

खरी कसोटी निवडीची आहे. ‘जो सर्वांत कमी व्याजदर सांगेल तो धरा’ हा सल्ला मी वारंवार ऐकतो आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे, कारण दर बँक ठरवते, एजंट नव्हे. एजंटाचे ज्ञान उपयोगी पडते ते दोन ठिकाणी. पहिले म्हणजे पगार. लोको पायलट आणि गार्ड यांचे मायलेज, म्हणजे गाडीवरच्या कामाचा भत्ता, दर महिन्याला बदलते आणि त्यातला किती भाग उत्पन्न म्हणून धरायचा, याचे धोरण प्रत्येक बँकेचे वेगळे असते. पगारपत्रकातली सोसायटीची (कर्मचारी पतसंस्थेची) कपातही पात्रता घटवते. या दोन्ही गोष्टींचे बँकवार उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याने रेल्वेवाल्यांची फारशी प्रकरणे केलेली नाहीत, असे समजावे.

दुसरे ठिकाण जमिनीचे, आणि बहुतेक प्रकरणे तिथेच अडकतात. अशा गावांच्या कडेला शेतजमिनीचे तुकडे पाडून प्लॉट विकले जातात. चांगला एजंट दराविषयी बोलण्याआधी बिनशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि सातबारा मागतो. नियमित न झालेल्या गुंठेवारीच्या (मंजुरीविना गुंठ्यांनी तुकडे पाडून विकलेल्या) प्लॉटविषयी ‘होऊन जाईल’ म्हणणाऱ्याकडून तत्काळ उठावे. बँकेचा वकील दुय्यम निबंधक कार्यालयातील जुन्या नोंदींचा, बहुधा ३० वर्षांचा, शोध घेतो; त्याचा अभिप्राय प्रतिकूल आला आणि तुम्ही इसार देऊन बसला असाल, तर ती रक्कम परत मिळवणे अतिशय कठीण जाते. म्हणून कर्ज नामंजूर झाल्यास इसार परत मिळेल, हे इसारपावतीत लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो, कारण इथे बुडते ती माणसाची वर्षानुवर्षांची बचत.

एजंटाचा कोड (बँकेने त्याला दिलेला नोंदणी क्रमांक) चालू आहे का, हे शाखेत स्वतः जाऊन विचारावे. त्याचे कमिशन बँक देते. म्हणून ‘फाइलचा खर्च’ रोखीने मागितल्यास नकार द्यावा. प्रक्रिया शुल्क थेट बँकेत भरून पावती घ्यावी आणि सही केलेला कोरा धनादेश कोणाच्याही हाती देऊ नये. एकाच वेळी चार बँकांत अर्ज टाकण्यास त्याला मनाई करावी, कारण प्रत्येक चौकशीची नोंद सिबिलमध्ये होते. शंभर टक्के कर्जाचे आश्वासनही खोटे असते: ३० लाखांपर्यंतच्या कर्जातही बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांहून अधिक देऊ शकत नाही.

सही करण्यापूर्वी मुख्य तथ्य विवरणपत्र (की फॅक्ट्स स्टेटमेंट) मागून घ्यावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते देणे बँकांना बंधनकारक आहे आणि शुल्कांसह वार्षिक खर्चाचा खरा दर त्यातच दिसतो. एजंटाने तोंडी सांगितलेला आकडा त्याच्याशी जुळत नसेल, तर खुलासा शाखाधिकाऱ्याकडूनच लेखी घ्यावा.