फोर्ट सेंट जेम्सचं वाऱ्यावर फिरणारं विमान कसं शोधायचं आणि कसं बघायचं

कॅनडात व्हँकूवर एअरपोर्टजवळच्या रस बेकर वे वरून अनेक जण जातात, पण हा बेकर कोण ते फारसं कुणाला माहीत नसतं. तो बुश पायलट होता, म्हणजे रस्ते-रनवे नसलेल्या दुर्गम भागात छोटी विमानं उडवणारा. त्याचं खरं स्मारक बघायचं तर उत्तर ब्रिटिश कोलंबियातलं फोर्ट सेंट जेम्स गाठा. प्रिन्स जॉर्जपर्यंत विमानानं जायचं, तिथून गाडी घेऊन हायवे १६ नं पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरवर व्हँडरहूफ, मग हायवे २७ नं उत्तरेला अजून तासाभराच्या आत. पेट्रोल व्हँडरहूफलाच भरून घ्या, आणि १ ऑक्टोबर ते ३० एप्रिलमध्ये जात असाल तर विंटर टायर लागतातच, तिकडे तो नियमच आहे.

गावात पोचलात की सरळ स्टुअर्ट लेकच्या काठी कॉटनवुड पार्कला जा. खांबावर युंकर्स या जुन्या जर्मन बनावटीच्या विमानाची लहान प्रतिकृती दिसेल, हेच ते स्मारक. बरेच जण फोटो काढून निघतात, तसं करू नका राव, जरा थांबा, कारण ते नुसतं शोभेचं नाही तर वातकुक्कुट आहे, वारा बदलला की विमान वळतं. नाक ज्या दिशेला, तिकडून वारा येतोय. आता तळ्याकडे बघा, लाटाही साधारण तिकडूनच येताना दिसतील. बुश पायलट रोज हेच ताडायचे, कारण टेकऑफ वाऱ्याला तोंड देऊन केला की विमान कमी अंतरात उचलतं, आणि इथे रनवे म्हणजे हे तळंच, उन्हाळ्यात चाकांऐवजी फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारे तराफे लावायचे, हिवाळ्यात बर्फावर स्की. कडक थंडीत तर रात्री इंजिनातलं ऑइल काढून ठेवायचं आणि सकाळी गरम करून परत ओतायचं, नाहीतर इंजिन चालूच व्हायचं नाही!

जानेवारी १९४२ मध्ये अलास्काकडे निघालेले तीन अमेरिकन बॉम्बर बर्फाळ दरीत उतरले, तेव्हा त्या लोकांना बाहेर काढणारा हाच बेकर. पुढे १९४६ मध्ये त्यानं सुरू केलेली छोटी कंपनी १९५३ मध्ये पॅसिफिक वेस्टर्न एअरलाइन्स झाली.

फोटो सकाळी काढा, तळं पश्चिमेला आहे त्यामुळे संध्याकाळी विमानाची नुसती काळी आकृती येते. आणि खरं युंकर्स डब्ल्यू-३४ बघायचं असेल, तर ते ओटावाच्या एव्हिएशन म्युझियममध्ये आहे, त्याचा पन्हाळी पत्र्यासारखा धातूचा पृष्ठभाग तिथे अगदी जवळून बघता येतो.